स्तनाची पुनर्रचना: रक्त कुठून येणार, हा खरा प्रश्न

बायॉप्सीचा रिपोर्ट हातात पडून चार दिवस झालेले असतात. डॉक्टर कागदावर दोन गोल काढून गाठ कुठे आहे, काय काढावं लागेल ते सांगत असतात, आणि त्याच बैठकीत, जवळजवळ त्याच दमात, विचारतात, "रिकन्स्ट्रक्शन करायचंय का? त्याच वेळी करता येईल." ऐकणारीचं मन अजून 'कॅन्सर' या शब्दापाशीच अडकलेलं असतं. ती सोबत आलेल्या माणसाकडे बघते, तो माणूस डॉक्टरांकडे बघतो, आणि डॉक्टर घड्याळाकडे.

म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. या दोन निर्णयांची घाई सारखी नाही. कॅन्सरचं ऑपरेशन काही आठवड्यांत उरकावं लागतं. पुनर्रचना मात्र त्याच वेळी करता येते, वर्षभराने करता येते, दहा वर्षांनीही करता येते, आणि कधीच न करता मजेत राहता येतं. त्याच वेळी करण्याचे फायदे आहेत, ते पुढे येतीलच. पण आज 'नाही' म्हटलं म्हणून दार कायमचं बंद होत नाही. एवढं कळलं तरी छातीवरचं निम्मं ओझं उतरतं.

दुसरं, मुळात पूर्ण स्तन काढायलाच हवा का, हे स्पष्ट विचारून घ्यावं. सुरुवातीच्या टप्प्यातल्या बऱ्याच गाठींमध्ये गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढून नंतर रेडिएशन दिलं, तर जगण्याची शक्यता पूर्ण स्तन काढल्याइतकीच असते. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांनी यासाठी मोठ्या चाचण्या केल्या, आणि २० वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००२ साली दोघांचेही निकाल हेच सांगत होते. गाठी एकाहून जास्त ठिकाणी असतील, स्तनाच्या मानाने गाठ मोठी असेल, रेडिएशन देता येण्यासारखं नसेल किंवा आनुवंशिक दोषामुळे धोका फार असेल, तर मॅस्टेक्टॉमी, म्हणजे पूर्ण स्तन काढणं, पुढे येतं. काही बायका सगळं समजून उमजून तीच निवडतात. तेही ठीक.

मॅस्टेक्टॉमीत जातं काय? दुधाच्या ग्रंथी, त्यांच्या नळ्या, मधली चरबी आणि बहुतेक वेळा स्तनाग्र. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हॅल्स्टेड या अमेरिकी सर्जनने रूढ केलेल्या ऑपरेशनमध्ये खालचे छातीचे स्नायूही काढून टाकत. बरगड्यांवर नुसती कातडी उरे. आता स्नायू जागेवर ठेवतात. पुनर्रचना करायची असेल तर स्तनावरची बरीचशी त्वचाही राखतात, आणि गाठ स्तनाग्रापासून लांब असेल तर कधी कधी स्तनाग्रसुद्धा. आतलं सारण काढून पिशवी ठेवल्यासारखं. मग ती पिशवी कशाने भरायची, एवढाच प्रश्न उरतो असं वाटतं.

तेवढाच असता तर हा लेख इथेच संपला असता.

रक्ताचा हिशेब

या विषयावर वाचायला घेतलं की इम्प्लांट, फ्लॅप, एक्सपांडर अशी नावं अंगावर येतात आणि माणूस गोंधळतो. मला यातून वाट सापडली ती एका प्रश्नाने. प्रत्येक पर्यायापुढे तो विचारायचा: या भागाला रक्त कुठून येणार? शरीराचा कुठलाही तुकडा रक्त मिळेल तोवरच जिवंत. पुनर्रचनेतले जवळजवळ सगळे नियम, सगळ्या अटी आणि बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून निघतात.

स्तनाला रक्त येतं ते छातीच्या मधल्या हाडाच्या कडेने, काखेच्या बाजूने आणि बरगड्यांमधून वर येणाऱ्या बारीक वाहिन्यांतून. ग्रंथी काढली की आतून वर येणाऱ्या वाहिन्या तुटतात. वर राहिलेली त्वचा मग जगते ती तिच्याच खालच्या चरबीच्या पातळ थरातून आडव्या जाणाऱ्या वाहिन्यांच्या जाळ्यावर. सर्जनची इथे तारेवरची कसरत असते. थर जाड ठेवला तर ग्रंथीचे अंश मागे राहायची भीती, फार पातळ केला तर त्वचा काळी पडून मरायची भीती. राखलेलं स्तनाग्र तर या जाळ्याच्या अगदी टोकाला असतं, म्हणून सगळ्यात आधी तेच संकटात येतं.

तंबाखू सोडा असं सर्जन इतकं बजावून का सांगतात, ते इथे कळतं. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. एरवी शरीर ते खपवून घेतं, पण ज्या त्वचेकडे रक्ताचा एकच कच्चा रस्ता उरलाय तिला ते परवडत नाही. ऑपरेशनच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतरही काही आठवडे तंबाखू कुठल्याच रूपात नको. निकोटीनचे पॅच आणि च्युइंगगमही त्यातच मोडतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. काही सर्जन रक्त किंवा लघवी तपासून खात्री करून घेतात. रागावू नये, त्यांनी काळी पडलेली त्वचा पाहिलेली असते. ताब्यात नसलेला मधुमेह आणि खूप जास्त वजन याही जखम भरण्याच्या वाटेतल्या अडचणीच.

इम्प्लांट

सिलिकॉनची पिशवी, आत सिलिकॉनचं जेल किंवा मिठाचं निर्जंतुक पाणी. पहिलं सिलिकॉन जेलचं इम्प्लांट १९६२ साली अमेरिकेत टॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो या सर्जननी बसवलं. त्याचा कॅन्सरशी संबंध नव्हता. ज्या बाईला ते बसवलं ती दवाखान्यात गेली होती छातीवरचा टॅटू काढून घ्यायला.

इम्प्लांटला स्वतःला रक्त लागत नाही, तो निर्जीव आहे. पण त्याच्यावरच्या त्वचेला लागतं. नुकत्याच जखमी झालेल्या पातळ त्वचेवर आतून एकदम पूर्ण आकाराच्या पिशवीचा दाब आला तर तिचा रक्तपुरवठा चेपला जातो. त्वचा धडधाकट आणि पुरेशी असेल तर सरळ इम्प्लांट बसवतात. नाहीतर आधी एक्सपांडर: फुगवता येणारी रिकामी पिशवी. गरोदरपणी पोटाची कातडी सावकाश वाढते, त्याच तत्त्वावर ती छातीची कातडी वाढवते.

एक्सपांडर भरण्याचा प्रकार कानावर पडतो तेवढा भीतिदायक नसतो. पिशवीला त्वचेखाली एक छोटं झाकण असतं, त्यात लोहचुंबक. नर्स किंवा डॉक्टर छातीवरून एक साधं चुंबकाचं यंत्र फिरवतात, त्याचा काटा सरळ उभा राहिला की तिथे पेनने खूण करतात आणि सुई घालून ५० ते १०० मिलिलिटर मिठाचं पाणी सोडतात. तिथली त्वचा बधिर झालेली असते, त्यामुळे सुई बहुधा जाणवतच नाही. जाणवतो तो नंतरचा ताण. दोन दिवस छातीला आवळून पट्टा बांधल्यासारखं वाटतं, मग सैल पडतं. आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. पुरेशी जागा झाली की काही महिन्यांनी दुसरं, छोटं ऑपरेशन करून एक्सपांडर काढतात आणि कायमचं इम्प्लांट बसवतात. एक्सपांडर स्पर्शाला कडक असतो, कुशीवर झोपताना टोचतो. पहिल्यांदा हात लावून 'हेच का ते?' म्हणून रडू आलं असं सांगणाऱ्या बायका आहेत. हेच ते नव्हे, हा मुक्कामाआधीचा टप्पा आहे, हे कुणीतरी आधी सांगायला हवं. आणि आत चुंबक असेपर्यंत एमआरआयच्या खोलीत जाण्याआधी तिथल्या माणसांना ते सांगायलाच हवं. बहुतेक एक्सपांडरना एमआरआय चालत नाही.

इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली ठेवायचं की वर, यावर सर्जनांमध्ये मतभेद आहेत. खाली ठेवलं तर वर जाड पांघरूण मिळतं, पण काहीतरी जोर लावून ढकलताना स्नायू आवळला की स्तनही हलतो, आणि ते विचित्र दिसतं. वर ठेवलं तर ही कटकट नाही, पण त्वचेचा थर चांगला हवा. वर ठेवताना बहुतेकदा इम्प्लांटभोवती पेशी काढून टाकलेल्या कातडीची जाळीसारखी चादर गुंडाळतात. ती दान केलेल्या मानवी त्वचेची असते किंवा प्राण्याच्या.

शरीरात परकी वस्तू गेली की शरीर तिच्याभोवती व्रणाची भिंत उभारतं. प्रत्येक इम्प्लांटभोवती ती होतेच, आणि पातळ असेतोवर कळतही नाही. काही जणींमध्ये मात्र ती जाड होऊन आवळत जाते. स्तन कडक, गोल, वर सरकलेला आणि दुखरा होतो. रेडिएशन झालेल्या छातीत हे बरंच जास्त घडतं. तसं झालं तर भिंत काढून इम्प्लांट बदलावं लागतं किंवा कायमचं काढावं लागतं.

इम्प्लांट आयुष्यभराची वस्तू नाही, हे विक्रीच्या गोड भाषेत हरवून जातं. दहा-वीस वर्षांत कधी ना कधी बदलावं लागेल असं धरूनच चालावं. चाळिशीत ऑपरेशन झालं असेल तर पुढे आणखी एक-दोन ऑपरेशनं हिशेबात घ्यावीत. सिलिकॉन जेलचं इम्प्लांट आतल्या आत फाटलं तर बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेचा सल्ला असा: बसवल्यापासून पाच-सहा वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी, आणि मग दर दोन-तीन वर्षांनी.

इम्प्लांटभोवती क्वचित होणारा एक लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सरही आहे. तो स्तनाचा कॅन्सर नव्हे. तो मुख्यतः खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडलेला आढळला, आणि २०१९ साली एफडीएच्या सांगण्यावरून एका कंपनीने अशी इम्प्लांट जगभरातून परत मागवली. ज्यांना ती आधीच बसवलेली होती पण काही त्रास नव्हता, त्यांनी ती काढून घ्यावीत असं मात्र एफडीएने सांगितलं नाही. कित्येक वर्षांनी एका बाजूला अचानक सूज आली किंवा पाणी साठलं तर थांबू नये, लगेच दाखवावं. वेळेत सापडला तर इम्प्लांट आणि भोवतालची भिंत काढून टाकून तो बहुतेकदा बरा होतो. आपल्याला कुठल्या प्रकारचं इम्प्लांट बसवलंय त्याचं कार्ड मिळतं. ते जपून ठेवा.

स्वतःच्या शरीरातून

१८९५ साली जर्मनीत विन्सेंझ चेर्नी या सर्जनने एका बाईच्या कमरेवरची चरबीची निरुपद्रवी गाठ काढून तिच्या रिकाम्या झालेल्या स्तनात भरली. पुनर्रचनेच्या इतिहासात हे पहिलं नोंदलेलं पाऊल मानतात. कल्पना साधी होती: एकीकडे जास्त आहे, दुसरीकडे कमी आहे. पुढचं पाऊल इटलीतल्या इजिनिओ तान्सिनी याचं. तो पाठीची कातडी वळवून छातीवर आणत होता, पण तिचं टोक मरायचं. मग त्याच्या लक्षात आलं की खालचा स्नायू सोबत घेतला तर कातडी जगते, कारण तिला पोसणारं रक्त त्या स्नायूतून येतं. १९०६ साली त्याने ते मांडलं. पुन्हा तोच प्रश्न, रक्त कुठून येणार?

त्वचा, चरबी, कधी स्नायू असा जिवंत तुकडा रक्तवाहिन्यांसकट हलवला की त्याला फ्लॅप म्हणतात. आज सगळ्यात जास्त वापरतात तो पोटाचा. बेंबीखालची, कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंतची लंबगोल त्वचा आणि चरबी. १९८० च्या दशकात हा तुकडा पोटाच्या उभ्या स्नायूसकट उचलत, म्हणजे पोटाची भिंतच कमकुवत होई. नंतर सर्जनांनी स्नायू जागेवर ठेवून त्यातून वर येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तेवढ्या सोडवून घ्यायला सुरुवात केली. या पद्धतीचं इंग्रजी आद्याक्षरांचं नाव 'डीआयईपी', बोलताना 'डीप फ्लॅप'.

हे काम बारकाईचं. ऑपरेशनच्या आधी पोटाचा सीटी स्कॅन करून कुठली वाहिनी कुठून वर येते याचा नकाशा काढतात. मग स्नायूचे धागे बाजूला करत ती वाहिनी मुळापर्यंत सोडवत न्यायची. तुकडा पोटापासून सुटला की त्या क्षणी त्याचं रक्त थांबतं, तो फिकट पडतो. छातीच्या मधल्या हाडाशेजारी बरगडीच्या कूर्चेचा लहानसा भाग काढून खालच्या धमनी आणि शिरेशी त्याच्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडायच्या. वाहिन्यांची जाडी साधारण दोन-तीन मिलिमीटर, टाक्याचा धागा केसाहून बारीक. वाहिनी दाबून धरणारा चिमटा सोडला की तुकडा पुन्हा गुलाबी होतो. एका बाजूचं हे ऑपरेशन सहा-आठ तास चालतं, दोन्ही बाजूंचं त्याहून जास्त.

खरी कसोटी त्या रात्री. पहिले एक-दोन दिवस नर्स दर तासाला येते. खोलीत मंद दिवा. ती नव्या स्तनावर बोट दाबते, दाबलेली जागा पांढरी होते, मग मोजते: दोन-तीन सेकंदांत रंग परत यायला हवा. हाताच्या मागच्या बाजूने गरम आहे का बघते. मग डॉप्लरची पेनसारखी कांडी ठरलेल्या टाक्याजवळ टेकवते आणि यंत्रातून आवाज येतो, श्शू, श्शू, श्शू, नाडीच्या लयीत. तो आवाज म्हणजे रक्त चाललंय. तुकडा फिकट आणि गार पडला तर धमनी बंद झाली असावी, जांभळट होऊन फुगला तर शीर. दोन्हींत वाट बघत बसायचं नाही, पुन्हा ऑपरेशन थिएटर. वेळेत गाठलं तर बऱ्याचदा वाचतो. अनुभवी ठिकाणी असा तुकडा पूर्ण वाया जाण्याचं प्रमाण शंभरात पाचाहून कमी असतं. पण जिच्या वाट्याला येतं तिच्यासाठी ते शंभरात शंभर, आणि ही शक्यता आधी सांगितलेली असावी.

पोटावर आडवा लांब व्रण राहतो. पहिला आठवडाभर तरी वाकून चालावं लागतं, कारण पोटाची कातडी ताणून शिवलेली असते. सहा आठवडे जड उचलायचं नाही. पोटाचा खालचा भाग बधिर राहतो, आणि काही जणींना नंतर तिथे फुगवटा येतो. 'बरं झालं, फुकटात पोटही सपाट झालं' असं म्हणणारे भेटतात. मला हे वाक्य कधीच आवडलेलं नाही. आठ तास टेबलावर पडून, कमरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरून घेऊन मिळालेल्या गोष्टीला फुकट म्हणत नाहीत.

याच्या बदल्यात मिळतं ते असं: नवा स्तन मऊ, उबदार आणि स्वतःचा असतो. वयाबरोबर उतरतो, वजन वाढलं की वाढतो, कारण ती पोटाची चरबी आहे आणि जागा बदलली म्हणून तिचा स्वभाव बदलत नाही. पुन्हा बदलण्याची गरज नाही. कधी आतल्या चरबीच्या एखाद्या कोपऱ्याला रक्त कमी पडून तिथे घट्ट गाठ होते. कॅन्सर होऊन गेलेल्या बाईच्या हाताला ती लागली की काळजाचं पाणी होतं. बहुतेक वेळा ती मेलेली चरबीच असते, पण खात्री तपासणीनेच करायची.

पोटावर पुरेशी चरबी नसेल किंवा पोट आधीच शस्त्रक्रियेने सपाट केलेलं असेल, तर मांडीचा किंवा नितंबाचा फ्लॅप घेतात. सिझेरियनचा व्रण सहसा आड येत नाही. पाठीचा, म्हणजे तान्सिनीचा, फ्लॅप आजही वापरात आहे. त्याची रक्तवाहिनी तोडून जोडावी लागत नाही, तुकडा काखेखालून वळवून पुढे आणतात, म्हणून तो भरवशाचा. फक्त पाठीवर चरबी कमी, तेव्हा आत बहुधा इम्प्लांटची भर घालावी लागते.

आणि चरबीची इंजेक्शनं. पोट-मांडीतून शोषून घेतलेली चरबी बारीक बारीक रेषांत छातीत सोडायची. या चरबीला स्वतःची रक्तवाहिनी नसते. नव्या केशवाहिन्या तिच्यात शिरेपर्यंत ती शेजाऱ्यांकडून झिरपेल त्यावर तगते. म्हणूनच एकदम मोठा गोळा भरला तर मधली मरते, आणि थोडी थोडी भरली तरी तिसरा हिस्सा ते निम्मी शरीर शोषून घेतं. खड्डे भरायला, कडा गुळगुळीत करायला हे उत्तम. पूर्ण स्तन यातून करायचा तर अनेक फेऱ्या.

रेडिएशन आलं की गणित बदलतं

रेडिएशन कॅन्सरच्या पेशी मारतं, पण वाटेतल्या बारीक रक्तवाहिन्यांनाही इजा करतं, आणि ही इजा महिनोन्‌महिने वाढत जाते. त्वचा घट्ट, चिवट होते, जखम सावकाश भरते. अशा त्वचेखाली इम्प्लांट ठेवणं म्हणजे कोरड्या जमिनीत रोप लावणं. बाहेरून स्वतःचं रक्त घेऊन आलेला फ्लॅप तिथे जास्त टिकतो. म्हणून रेडिएशन लागणार असं आधीच माहीत असेल तर बरेच सर्जन फ्लॅप नंतर करायला सुचवतात, काही महिने थांबून. मध्यंतरी त्वचेची जागा धरून ठेवायला एक्सपांडर ठेवतात. अडचण अशी की रेडिएशन लागेल की नाही हे पुष्कळदा काखेतल्या लसिकाग्रंथींचा (लिम्फ नोड्सचा) अंतिम रिपोर्ट आल्यावरच कळतं, म्हणजे ऑपरेशननंतर. त्यामुळे 'आत्ता एक्सपांडर, बाकीचं मग' हे उत्तर टाळाटाळीचं वाटलं तरी अनेकदा तेच शहाणपणाचं असतं.

त्याच वेळी पुनर्रचना केली तर स्वतःच्या त्वचेची मूळ पिशवी वापरता येते, आकार जास्त नैसर्गिक येतो आणि भूल एकदा कमी घ्यावी लागते. पण ऑपरेशन मोठं होतं, गुंतागुंत झाली तर केमो लांबू शकतो. आधी कॅन्सर, मग आकार, हा क्रम सोडू नये.

पुनर्रचनेमुळे कॅन्सर परत येण्याचा धोका वाढत नाही, आणि आला तर तो लपून राहतो असंही नाही. परत येणारी गाठ बहुतेकदा त्वचेत किंवा त्वचेलगत येते, हाताला लागते. पूर्ण मॅस्टेक्टॉमीनंतर त्या बाजूची नेहमीची मॅमोग्राफी सहसा लागत नाही, दुसऱ्या स्तनाची चालूच ठेवायची. दोन्ही बाजू जुळाव्यात म्हणून दुसरा स्तन थोडा लहान करणं किंवा वर उचलणं हाही बेताचा भाग असू शकतो. दोन्ही हुबेहूब होतील ही अपेक्षा मात्र ठेवू नये. तशा त्या आधीही नव्हत्या.

जे परत येत नाही

रक्तवाहिन्या जोडता येतात, पण स्पर्शाच्या नसा मॅस्टेक्टॉमीतच कापल्या जातात. नवा स्तन बहुतेक वेळा बधिर असतो. काही वर्षांत कडेकडेने थोडी जाणीव परतते, फ्लॅपमध्ये जरा जास्त. काही सर्जन आता नसही जोडून पाहतात. पण मिठीतली पूर्वीची जाणीव, स्तनाग्राची लैंगिक संवेदना, यांवर आशा बांधू नये. दुर्दैवाने ऑपरेशनआधीच्या बोलण्यात फोटो दाखवले जातात, बधिरपणाचा फोटो निघत नाही.

हा नुसता मनाचा विषय नाही. थंडीत कुणी गरम पाण्याची पिशवी छातीशी धरून झोपतं, आणि सकाळी तिथे फोड आलेला असतो. दुखलं नाही म्हणून जागच आली नाही. गरम पिशवी, हीटिंग पॅड, अंघोळीचं कढत पाणी, बधिर त्वचेला यांतलं काहीच कळत नाही. पाण्याचा अंदाज हाताने घ्यायचा, छातीने नाही.

सपाट राहणं

पुनर्रचना न करणं हा उरलासुरला पर्याय नाही. कमी ऑपरेशनं, लवकर बरं होणं, परत परत दवाखाना नाही. कपड्यांत हवा तर बाहेरून घालायचा सिलिकॉनचा कृत्रिम स्तन मिळतो, खास कप्प्याच्या ब्रामध्ये बसतो, घरी आल्यावर काढून ठेवता येतो. नको असेल तर तोही नको. फक्त सपाट राहायचं असं ठरवलं असेल तर सर्जनला तसं आधी स्पष्ट सांगावं आणि कागदावर लिहून घ्यावं, म्हणजे जास्तीची त्वचा नीट काढून छाती खरोखर सपाट शिवली जाईल. 'उद्या मन बदललं तर असू दे' म्हणून न विचारता सोडलेली सुरकुतलेली घडी नंतर रोज आरशात दिसते.

सर्जनला काय विचारावं? माझ्या मते सगळ्यात उपयोगी प्रश्न हा: तुमच्याकडचे चांगले नाही, साधारण निकाल दाखवा, माझ्यासारख्या बांध्याच्या बायकांचे. मग, एकूण किती ऑपरेशनं धरून चालू? बिघडलं तर पुढची पायरी काय? आणि तुम्ही फक्त इम्प्लांट करता का? तसं असेल तर फ्लॅप करणाऱ्या एकाकडे जाऊन येते. चांगला सर्जन या शेवटच्या वाक्यावर नाराज होत नाही.

शेवटचा टाका

स्तनाग्र सगळ्यात शेवटी. नवा स्तन खाली बसून स्थिरावायला तीन-चार महिने तरी लागतात, त्याआधी केलं तर जागा चुकते. तिथल्याच त्वचेचे छोटे तुकडे कापून, घडी घालून वर उभारतात, स्थानिक भूल देऊन तासाभरात होतं. काही महिन्यांत ते निम्म्याने तरी बसतं, म्हणून मुळात मोठंच करून ठेवतात. भोवतीचं गडद वर्तुळ गोंदून काढतात.

बऱ्याच जणी शस्त्रक्रिया न करता फक्त गोंदवून घेतात. कुशल गोंदणारा दुसऱ्या बाजूचा रंग समोर ठेवून शाई मिसळतो, एका कडेला सावली, मध्ये उजेडाचा ठिपका, वर्तुळात बारीक दाणे काढतो. सुई चालू असताना तिला फक्त यंत्राची घरघर ऐकू येते. मग आरसा. दोन पावलांवरून बघितलं तर स्तनाग्र उठून दिसतं, सावलीसकट. जवळ येऊन ती त्यावर बोट फिरवते. सगळं सपाट, गुळगुळीत लागतं. लागतं ते बोटाला.